झऱ्याला कसर

बंगळुरात येलहंक्याला मुलाकडे राहायला आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी एक घोटाळा केला. रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाजवळून सात-आठ बायका कळश्या आणि कॅन घेऊन टेकाडाकडे जाताना दिसायच्या. एकीला हातवारे करून विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, ऊटे. कानडीत जेवणाला 'ऊट' म्हणतात एवढं मला तोवर कळलं होतं, कारण भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत जो तो 'ऊट आयता', जेवण झालं का, असं विचारत होता. मी धरून चालले की टेकाडावरच्या देवळात अन्नदान असणार. दुसऱ्या दिवशी चांगला तीन कप्प्यांचा डबा घेऊन मी त्या बायकांच्या मागे गेले.

तिथे काळ्या कातळाला एक फट होती आणि फटीतून अंगठ्याएवढी पाण्याची धार येत होती. शेजारी मुनेश्वराचं कमरेएवढं देऊळ. जेवणाचा पत्ता नाही. 'ऊटे' म्हणजे झरा, हे मला तिथे उभ्या असलेल्या एका माणसाने सांगितलं, तेही मराठीत. "जेवान न्हाई अक्का हितं. पाणीच हाय," तो म्हणाला आणि माझ्या डब्याकडे बघून मिशीत हसला. तो देवाप्पा.

अर्धं ऐकायचं, उरलेलं पदरचं घालायचं आणि मग गावभर सांगत सुटायचं, हा माझा जुना रोग. पस्तीस वर्षं पुण्यात एका शाळेच्या कचेरीत काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण रोग गेला नाही. त्या दिवशी त्यापायी फक्त माझं हसं झालं. पुढे त्याच रोगाने जे झालं ते हसण्यासारखं नाही, म्हणून आधीच कबुली देऊन ठेवते.

देवाप्पा मूळचा खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि बंगळुरात तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर दोन्हींची खिचडी. 'जरा थांबा'ला 'स्वल्प थांबा', 'बरं बरं'ला 'सरी सरी' हे त्याच्या मराठीत इतकं मुरलं होतं की ते परक्या भाषेतलं आहे हे त्याला सांगितलं तरी पटायचं नाही. विशी ओलांडली तेव्हा तो इथल्या दगडाच्या खाणीत कामाला आला. आमची सोसायटी उभी आहे त्याच्याच मागे ती खाण होती. सतरा वर्षं त्याने हातात ड्रिल धरून कातळाला भोकं पाडली. खाण बंद झाली, भोवती इमारती उठल्या, आणि ज्या कातळाची त्याने खडी केली त्याच्याच उरलेल्या तुकड्यावर आमच्या बिल्डरने त्याला माळी म्हणून नेमलं. टेकाडाच्या पायथ्याशी एका खोलीत तो आणि बायको शालन राहायचे. मुलगी शिवलीला एका खाजगी हॉस्पिटलात नावनोंदणीच्या खिडकीवर कामाला. असा हा साधासुधा संसार.

झऱ्याची कामगिरी त्याला कुणी दिलेली नव्हती. रोज सहाला तो तिथे यायचा. आधी पाचोळा काढायचा, फटीच्या तोंडाशी साचलेली माती दोन बोटांनी ओढायचा. मग डावा हात कोपरापर्यंत फटीत घालायचा, मनगटाची आतली बाजू धारेकडे वळवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मिनिटभराने हात काढून म्हणायचा, "बरा हाय."

मी एकदा चिडवलं, देवाप्पा, नाडी बघता की काय? तो म्हणाला, मग, बघाय नको? बाळाच्या आंघोळीचं पाणी आई बोटांनी बघत नाही, मनगटानेच बघते, कारण बोटं खोटं बोलतात. त्याच्या बोटांना खाणीने घट्टे पाडले होते, मनगट मात्र कोवळं राहिलं होतं. झऱ्याचा स्वभाव त्याने मला शिकवला. डिसेंबरात हात घातला की कोमट लागतो, एप्रिलमध्ये गार. खरं तर पाणी वर्षभर तसंच असतं, बदलतो तो आपला हात. जमिनीच्या पोटात ऋतू पोचत नाहीत. चोवीस वर्षं रोज हात घालून तो या निष्कर्षाला आला होता, आणि मी हेच कधीतरी शाळेच्या पुस्तकात वाचून विसरले होते.

त्या पाण्याबरोबर अधूनमधून पांढरे ठिपके बाहेर यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी तांदूळ धुतले. देवाप्पाने तळहातावर पाणी धरून दाखवलं तेव्हा ठिपका हलला. तांदळाच्या कणीएवढा जीव, केसासारखे पाय, आणि डोळे नाहीत. तो त्यांना कणीच म्हणायचा. कातळाच्या आत, जिथे उजेड कधी गेला नाही, तिथे त्यांचा जन्म आणि तिथेच मरण. धारेबरोबर चुकून बाहेर पडतात. रोज सकाळी दहा-पंधरा कण्या तो ओंजळीत धरून परत फटीत सोडायचा. फटीखालच्या ओलसर दगडांत नखाएवढे तपकिरी खेकडे होते, त्यांना मात्र तो वळून बघत नसे. "त्ये आपलं आपण बगत्यात. ह्या आंधळ्या हायत," असं त्याचं म्हणणं.

एवढी माया का, हे शालनने मला सांगितलं. शिवलीला दोन वर्षांची असताना तिला असा ताप चढला की डोळे फिरवायला लागली. खाणीला सुट्टी, गाडी नाही, डॉक्टर लांब. एक दिवस आणि एक रात्र देवाप्पा या झऱ्याचं पाणी आणत राहिला आणि शालन पोरीच्या कपाळावर घड्या बदलत राहिली. ताप उतरला. शालनने मुनेश्वराला कोंबडा दिला, देवाप्पाने मात्र झऱ्याशी सोयरीक जोडली.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते परवाच्या डिसेंबरापर्यंत. त्या महिन्यात देवाप्पाचा हात फटीत जास्त वेळ राहायला लागला. पूर्वी मिनिटभर, आता तीन-चार मिनिटं. हात काढला की तो 'बरा हाय' म्हणायचा नाही. नुसता मनगट धोतराला पुसायचा. एका सकाळी त्याने मला हात घालायला सांगितलं. मी घातला. छान ऊबदार वाटलं, तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा हात नवा हाय अक्का, त्येला काय ठावं." मला राग आला. एवढी मी थंडीत मुद्दाम उठून आले आणि वर हे ऐकायचं.

जानेवारीत मी त्याला वेगळंच काही करताना पाहिलं. डावा हात घालायचा, काढायचा. उजवा घालायचा. मग चप्पल काढून पाऊल धारेखाली धरायचं. पुन्हा डावा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोर उभी राहिलेली पोरं मी पस्तीस वर्षं पाहिली आहेत. नाव सापडत नाही म्हणून पुन्हा वरून वाचत येणारी पोरं. तसा तो दिसत होता.

खोदून विचारल्यावर बोलला. त्याला साखर होती. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात सांगितलं होतं की पथ्य पाळलं नाहीस तर हातापायांतली जाणीव जाईल, चप्पल पायातून निसटली तरी कळणार नाही. त्यात सतरा वर्षं ड्रिल धरलेला हात. "त्यामुळं हातच मरायलाय म्हणतो मी," तो म्हणाला. आणि हे सांगताना त्याचा आवाज घाबरलेला नव्हता, उलट आशेचा होता. ते मला तेव्हा समजलं नाही. शालनला सांगू नका, एवढी त्याने मला शपथ घातली.

फेब्रुवारीतच ऊन भाजायला लागलं. त्या वर्षी बंगळुरात बोअर आटले, टँकरच्या पाळ्यांवरून शिकलेसवरलेले लोक एकमेकांच्या अंगावर धावले, हे पेपरात सगळ्यांनी वाचलंच आहे. आमच्या पलीकडच्या प्लॉटवर चार मजली तळघरासाठी जमीन पोखरत होते आणि तिथली बावीस झाडं एका आठवड्यात गेली. अशातल्या एका सकाळी देवाप्पा माझी वाट बघत फाटकाशी उभा होता.

"अक्का, पाणी ऊन लागायलंय," तो म्हणाला. "झऱ्याला कसर आलीया."

कसर म्हणजे धड ताप नाही आणि धड बरंही नाही, थर्मामीटरला कळत नाही पण आईच्या हाताला कळतं, ते. शब्द ऐकून कुणाच्याही अंगावर काटा आला असता. पण माझ्या डोक्यात दुसराच शब्द उजळला. मी जन्माने राजापूरकडची. आमच्याकडे जमिनीतून ऊन पाणी येतं त्या जागेला 'उन्हाळे' म्हणतात. उन्हाळ्याचं पाणी पवित्र, अंगावर घेतलं की खरूज-नायटे जातात, सांधे मोकळे होतात. लहानपणी आईचा हात धरून मी तिथे कितीदा न्हाले आहे. तर माझ्या या पुण्यवान डोक्याने ठरवलं की येलहंक्यात उन्हाळं उगवतंय.

देवाप्पा कसर म्हणत होता आणि मी त्याचं अभिनंदन करत होते. तो गोंधळून बघत राहिला. शेवटी 'सरी' म्हणाला, कारण मोठ्या बाईला नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर नव्हतं. मी घरी जाऊन फोटोसकट आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. 'येलहंक्यात उन्हाळे! पाणी दिवसेंदिवस ऊन होत आहे. अवश्य लाभ घ्यावा.' खाली हात जोडलेली सहा चित्रं.

रविवारी मारतहळ्ळीपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचे मराठी लोक लोटले. चाळीसेक तरी असतील. कोकणातले, घाटावरचे, नागपूरचे. परमुलखात आपल्या गावासारखं काहीतरी सापडलं याचा आनंद सगळ्यांच्या तोंडावर. कुणी साबण आणला, कुणी उटणं, एका बाईंनी डब्यातून शिकेकाई. एका गृहस्थांच्या अंगावर चट्टे होते, ते शर्ट काढून धारेखाली बसले आणि मुलगा त्यांची पाठ चोळत राहिला. कातळावरून फेस वाहत खाली गेला. मी यजमानीण असल्यासारखी मधे मिरवत होते, हे लिहिताना आज मान खाली जाते.

देवाप्पा देवळाच्या आडोशाला उभा होता. एवढी आपल्या भाषेची मोठी माणसं, त्यांना कसं अडवायचं?

चट्टेवाले गृहस्थ उठताना म्हणाले, पाणी काही फारसं ऊन वाटत नाही बुवा. त्यावर शिकेकाईवाल्या बाईंनी त्यांची समजूत घातली.

"वाढेल हो. दरवर्षी वाढतंच आहे म्हणे."

मी सहज देवाप्पाकडे बघितलं. तो डावं मनगट धोतराला पुसत होता, पाण्यात हात घातलेला नसताना. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. नक्की कशाची ते कळत नव्हतं, पण आपण काहीतरी उलटं केलंय आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतंय, अशी ती भीती होती. तरी मी तोंड उघडलं नाही.

असे तीन रविवार झाले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजली. देवाप्पा दारात. आत ये म्हटलं तर आला नाही, पायपुसण्याच्या अलीकडेच उभा राहिला. आठ दिवसांत एकही कणी बाहेर आली नव्हती. त्याने बॅटरी लावून फटीत पाहिलं, फडकं लावून धार गाळली. काही नाही. दोन खेकडे उताणे पडले होते आणि दगडांवर हिरवट बुळबुळ धरली होती. पाणी न्यायला येणाऱ्या बायका म्हणत होत्या, वास येतो.

"अक्का, ती माणसं तुमच्या सांगण्यानं आली," तो म्हणाला. "तुमीच थांबवा की."

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच दुपारी ग्रुपवर माफी मागितली. काहींनी समजून घेतलं, काहींनी कानडी लोकांनी दबाव आणला का म्हणून विचारलं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. जेवण गेलं नाही. माझा मुलगा तनय म्हणाला, आई, ते जीव साबणाने मेले असतील तर निदान कारण तरी कळलं, साबण बंद केला की परत येतील. त्याचा एक मित्र भूजलाचा अभ्यास करतो, शंतनु नावाचा. त्याला बोलावून घेतो म्हणाला.

शंतनु शनिवारी आला. शिडशिडीत, कमी बोलणारा मुलगा. त्याने लांब वायरला बांधलेली एक कांडी फटीत आतवर सारली आणि हातातल्या पेटीवरचा आकडा तीनदा टिपला. पंचवीस अंश आणि वर तीन दशांश. देवाप्पा त्या आकड्याकडे असा बघत होता जसा नातेवाईक डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो.

शंतनुने आम्हाला समजावून सांगितलं. जमिनीच्या पोटात दहा-पंधरा मीटरवर पाण्याचं तापमान म्हणजे वरच्या हवेची वर्षभराची सरासरी. उन्हाळा-हिवाळा तिथे पोचत नाही, पण हवाच वर्षानुवर्षं तापत गेली की ती ऊब हळूहळू झिरपत खाली उतरते. त्यात शहराचं काँक्रीट, डांबर, तळघरं, गेलेली सावली. उतरलेली ऊब लवकर परत वर येत नाही. ऊन पाण्यात हवा कमी मुरते, बुळबुळ जास्त धरते. आणि हे आंधळे जीव पिढ्यान्‌पिढ्या एकाच तापमानात जगलेले. एक-दोन अंश चढले तर आपण पंखा लावू, त्यांना जायला जागा नाही. खाली कातळ आणि बाहेर उजेड.

"मग या उबेनेच मेल्या का कण्या?" मी विचारलं.

तो म्हणाला, सांगता येत नाही. साबण पडला नसता तर कण्या कमी होत गेल्याचा हिशोब लागला असता. आता त्या पुराव्यात दोन्ही गोष्टी मिसळल्या. माझ्याकडे बघून बोलला नाही, तेवढा सज्जनपणा त्याच्यात होता. आणि हा पंचवीस-तीनचा आकडाही एकटा मुका आहे, तो म्हणाला. वीस वर्षांपूर्वी किती होता ते कुठे लिहिलेलं नाही. या शहरात अशा झऱ्यांची नोंद ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

"मला ठावं हाय," देवाप्पा म्हणाला.

शंतनुने विचारलं, किती? अंशाची भाषा देवाप्पाला येत नव्हती. तो घरी गेला आणि दोन बादल्या घेऊन आला, एकीत माठातलं गार पाणी, एकीत उन्हात तापलेलं. तिसऱ्या घमेल्यात तो थोडं हे, थोडं ते ओतत गेला. मनगट बुडवायचा, मान हलवायचा, पुन्हा पेलाभर ओतायचा. दहा-बारा मिनिटं हेच चाललं. शेवटी त्याने हात काढला. "असं हुतं," म्हणाला. "पोरीला ताप आला तवा असं हुतं."

शंतनुने कांडी घातली. तेवीस पूर्णांक चार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घेतलं, आकडा न दाखवता. तेवीस-पाच. मग पुढच्या शनिवारी. तेवीस-तीन. शंतनुने वही मिटली. मग त्याने जे सांगितलं ते देवाप्पाला कळावं म्हणून मी माझ्या शब्दांत पुन्हा सांगितलं. तुमचा हात शाबूत असेल तर झरा दोन अंशांच्या आसपास तापलाय, आणि तुमच्याशिवाय त्याला साक्षीदार नाही. पण हात बधिर होत असेल तर गारवा तुम्हाला कमीच लागणार, पूर्वीसारखं वाटायला तुम्ही पाणी जास्त गार करणार, आणि मग या आकड्यांना काही अर्थ नाही. झरा कदाचित होता तसाच असेल, आणि कण्या साबणाने गेल्या असतील, म्हणजे परत येतील.

देवाप्पाने ते लक्ष देऊन ऐकलं. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "म्हंजे हात गेला असंल तर झरा वाचला," तो म्हणाला. डिसेंबरापासून तो कसली आशा धरून होता, ते मला त्या वेळी कळलं. आपला हात मेलेला निघावा म्हणून हा माणूस मुनेश्वरापुढे उभा राहत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी रागाने ते पुसलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

आता शालनला सांगणं भाग होतं. ती आधी संतापली, मग घाबरली. हात गेला तर बागकाम गेलं, खोली गेली. तिने उपास धरला, हात बरा निघू दे म्हणून. एका घरात दोन माणसं एकाच देवाकडे उलटसुलट मागत होती. शिवलीलाने तिच्या हॉस्पिटलात मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ मिळवली. एप्रिलमधला दुसरा गुरुवार, सकाळी अकरा. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना.

तपासणी अशी की मनगटावर एक धातूची चकती बांधतात. ती हळूहळू गार किंवा ऊन होते. फरक जाणवला की लगेच बटण दाबायचं. डॉक्टर नरसिंहराव म्हणून वयस्क गृहस्थ होते. ते कानडीत सांगत, देवाप्पाला सगळं कळत होतं. तरी शिवलीला शेजारी उभी राहून पुन्हा मराठीत सांगत होती, आपल्या भाषेत ऐकलं की माणूस घाबरत नाही म्हणून. देवाप्पा डोळे मिटून बसला, झऱ्यापाशी उभा राहायचा तसा. बटण टकटक वाजत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. मी काय मागावं हेच मला कळत नव्हतं. शालनकडे बघितलं की एक मागावंसं वाटे, देवाप्पाकडे बघितलं की दुसरं.

पायांची जाणीव जरा कमी झाली आहे, डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळा, पावलं रोज तपासा. मग त्यांनी कागद फिरवला आणि हसले. हात मात्र उत्तम आहे. डावं मनगट तर विशेष. अर्धा अंश बदलला तरी याला कळतं, माझ्या हातालाही इतकं कळणार नाही.

शालनने हात जोडले आणि तिथेच रडायला लागली. शिवलीलाने आईला जवळ घेतलं, तीही हसत-रडत होती. देवाप्पा मात्र खुर्चीतून उठला नाही. त्याने चकती बांधलेला हात डॉक्टरांपुढे धरला.

"परत बगा की," तो म्हणाला. "काय तरी चुकलं आसंल."

डॉक्टरांना वाटलं, गरीब माणूस, चांगली बातमी खरी वाटत नाही. त्यांनी कौतुकाने पुन्हा तपासलं. दुसरा हातही तपासला. तेच निघालं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर बाकावर मी त्याच्याशेजारी बसले. शालन मुलीबरोबर औषधाच्या खिडकीशी गेली होती. समोर माणसं आपापले तापलेले, दुखणारे जीव घेऊन रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात कागद होता आणि कागदावर कुठल्या खोलीत जायचं ते लिहिलेलं होतं. देवाप्पा त्या रांगेकडे बघत होता. डावा हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता. मी त्याला सांगितलेलं सगळं, शंतनुने सांगितलेलं सगळं, आता खरं झालं होतं. दोन अंश खरे होते. कण्या आत आहेत की संपल्या हे कळायला मार्ग नव्हता, आणि असल्याच तर वर्षागणिक त्यांच्यावर काय चढत जाणार होतं तेही आता खरं होतं.

"हात मेला आसता तर औषध हुतं, अक्का," तो म्हणाला.

आत एकेक नाव पुकारलं जात होतं, माणसं उठून जात होती. त्याने माझ्याकडे वळून बघितलं. चोवीस वर्षं रोज कातळात हात घालणारा तो माणूस खरोखर घाबरला होता, आणि मी त्याच्यापेक्षा वयाने मोठी, शिकलेली, म्हणून उत्तर माझ्याकडे असेल अशा विश्वासाने त्याने मला विचारलं.

"माझा हात दाखवला. आता झरा कुणाला दाखवायचा?"

मला माहीत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.